मावळतीकडची शेतं

ढाणकी, बस स्टँड
रविवार, २६ नोव्हेंबर २०१७

आदरणीय भीमराजदादास,
सप्रेम जयभीम.

तुम्ही घरचे सगळे बरे असाल. नलूकाकूच्या गुडघ्याचं कसं काय? आई पुसदहून दर फोनात विचारते, तुमच्या मायची खबर काढत जा म्हणते, अन् मी हो हो म्हणून विषय बदलवतो. यवतमाळात माझं ठीक चाललं आहे. खोली तीच, घरमालकीण तीच, साडेनऊले नळ बंद करणारी. थंडी पडून राह्यली.

तुम्ही म्हणाल, ढाणकीपर्यंत आली तर पत्र काहून लिहून राह्यली, दुकान तर स्टँडच्या समोरच आहे. खरं आहे. तुमच्या झेरॉक्सचा बोर्ड मले इथून दिसते. दोनदा उठली, दोनदा बसली. फोन तुम्ही उचलत नाही, त्याच्यात तुमचं काही चुकत नाही. पण मले भेव वाटून राह्यलं, दादा.

बाजूले मानीबाई बसली आहे. जंगलाकाठच्या वाडीवरचा देवराव आठवते ना? वनहक्काच्या दाव्यासाठी ज्याच्यासंगं जीपीएस घेऊन दोन दिवस तुम्ही बांधाबांधानं चालले, तो. त्याची ही बायको. तिले वाटते मी अर्ज लिहून राह्यली. मघाशी म्हणे, लय मोठा अर्ज आहे वं माय. मी मान हालवली.

उद्या सकाळी वनखात्याचे लोक जेसीबी घेऊन तिच्या वावरात हद्दीचा चर खोदाले येणार आहेत. कारण आपल्या यवतमाळच्या ऑफिसातून दाव्यासंगं गेलेल्या नकाशावर तिचं वावर तिथं नाहीच. ते दीड किलोमीटर पलीकडे, घट्ट जंगलात दाखवलं आहे. अन् जिथं ती कापूस वेचून राह्यली ते नकाशावर सरकारी जंगल. बोंडअळीनं निम्मा कापूस खाल्ला, उरला तो झाडावर आहे. एकदा चर पडला की वावर गेलं. मंग दावे, तारखा, तुमाले माहीत आहे किती वर्षं.

देवरावनं स्वतः कोपरे दाखवले असते. पण तो सप्टेंबरात फवारणी करता करता विष चढून पडला. सतरा दिवस यवतमाळात वॉर्डात होता. जीव वाचला, पण डोयाले अंधारी आहे, हात पुढं धरून चालते. शुक्रवारी मानीबाई एकटीच ऑफिसात आली. नकाशा माझ्या टेबलावर ठेवला अन् म्हणाली, "पोरी, हे आमचं वावर नोहे. इथं तर अस्वल राह्यते."

बाकीचे हासले.

मी लगेच सदाशिव सरांना सांगितलं. ते म्हणाले, भीमराजची बॅकअपच खराब होती हे आपल्याले ऑगस्टपासून माहीत आहे, आता मार्चमध्ये नवी मोजणी लावू. झालं. सर नागपूरले निघून गेले. खराब म्हणून ठरलेली गोष्ट दुरुस्त करायच्या भानगडीत कोण पडते?

तुमची बॅकअप खराब नव्हती, दादा.

मे महिन्यात जुना सर्व्हर बदलला तेव्हा सगळे नकाशे नव्यावर परत उतरवायचं काम माझ्याकडं होतं. तुमच्या बॅकअपच्या पाकिटावर तुमच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, पुसद-उमरखेड वेगळे उघडणे. मी वाचलंही होतं. तुम्हीच तर शिकवलं होतं की आपल्या जिल्ह्याच्या अंगावरून अठ्ठ्याहत्तर रेखांशाची रेघ जाते, उगवतीकडं यवतमाळ-पांढरकवडा, मावळतीकडं पुसद-उमरखेड, अन् दोन बाजूंची मोजणीची मापं वेगळी. बाकी बहुतेक जिल्ह्यांत काम करणाऱ्याले ही कटकट नाही, आपल्याले आहे. अकरा वाजता पाहुणे येणार होते, सर डोक्यावर उभे. मी घाईघाईत सगळ्याले एकच माप देल्लं, उगवतीचं.

नकाशा उघडला तर मावळतीकडची चारशे एकतीस शेतं थेट ओरिसात. आपल्या पुसदची माणसं कापूस पेरून राह्यली कालाहांडीत! आज लिहिताना हासू येते, तेव्हा नाही आलं. तवाच पुसून पुन्हा उतरवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण तेवढा धीर मले नव्हता. मी ती सगळी शेतं एका झटक्यात निवडली अन् माऊसनं ओढत आणून पुसदवर ठेवली. पुसदचा रस्ता जुळला, तलाव जुळला, आमच्या घरामागचं वावरही जुळलं. मी म्हटलं, सुटली.

पण नुसतं ओढून भागत नाही. दोन मापांमध्ये थोडा फिरका असते, एक नकाशा दुसऱ्यापेक्षा जरा तिरपा बसते. पुसदपाशी जुळलं ते इकडं ढाणकीच्या टोकाले येता येता दीड किलोमीटर सरकलं. ते मी पाह्यलंच नाही. "सर्व तपासले" असं लिहून सही केली. अन् संध्याकाळी आपल्या नियमाप्रमाणं नवी बॅकअप घेतली, जुनी पुसून. जुना सर्व्हर तर दुपारीच भंगारात गेला होता.

ऑगस्टात उमरखेडहून तक्रारी आल्या. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. आता ते वाक्य लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी म्हणाली, "भीमराजदादांची बॅकअपच खराब होती सर."

तुम्ही दरवाज्यातच उभे होते. माझ्याकडं पाह्यलं. त्याच महिन्यात तुमचं कंत्राट गेलं. माझ्या बापाच्या पाया पडून मले यवतमाळले शिकाले नेणारा माणूस, अन् मी त्याच्यावर ढकलून मोकळी झाली. मले वाटलं होतं त्या दिवशी तुम्ही बाहेर आल्यावर शिव्या घालाल. तुम्ही तर माझा डबा मागे राह्यला होता, तो आणून देल्ला. त्या दिवसापासून मी त्या डब्यात जेवत नाही.

आता कामाचं. मी माऊसनं नेमकं किती ओढलं ते कुठं लिहिलेलं नाही. पण एका शेताचे खरे कोपरे भेटले तर ते काढता येते, अन् मंग चारशे एकतीसच्या चारशे एकतीस शेतं परत ओरिसात नेऊन तुमच्या मापानं नीट उघडता येतात. तुम्ही मोजताना सारे आकडे हातानंही डायरीत उतरवायचे. आम्ही तुमाले हासायचो, मशीन असताना हा माणूस लिहून काहून ठेवते म्हणून. ती डायरी तुम्ही फेकली नसंल, एवढ्या एकाच आशेवर मी आली आहो. लॅपटॉप मी संगंच आणला आहे. देवरावच्या वावराचं पान भेटलं की नकाशा काढतो, काय चुकलं अन् कोणाच्या हातून चुकलं ते माझ्या सहीनं लिहितो, अन् सकाळी जेसीबीच्या आधी मानीबाईसंगं वावरात उभी राह्यतो. मंगळवारी तोच कागद सरांच्या टेबलावर.

नोकरी जाईल. त्याचं भेव आहेच, नाही म्हणत नाही. पण तुमच्या तोंडाकडं पाह्यण्याचं जास्त आहे. अन् सगळ्यात जास्त या बाईचं. सकाळी बसमध्ये मले भूक लागली असंल म्हणून तिनं पदरातली भाकर काढून देल्ली. मी खाल्ली, दादा. तिनं विचारलं, नकाशा कोणं बिघडवला वं? मी म्हटलं, मशीननं. ती म्हणाली, मशीनले काय माहीत बिचाऱ्याले. अन् मलेच धीर देत बसली.

तिच्या तोंडावर सांगायची हिंमत मले झाली नाही. म्हणून हे पत्र तिच्याच हातानं तुमच्याकडं पाठवून राह्यली. तिले वाचता येत नाही. तुम्ही तिले वाचून दाखवा. मोठ्यानं, अन् माझी दया येऊन एकही ओळ सोडू नका. देवराव पडला त्याले मी कारण नाही, पण उद्या त्याचं वावर गेलं तर त्याले मीच कारण, हे तिले तुमच्या तोंडून समजलं तर ती खरं मानंल.

डायरी माझ्या हातात द्यायची नसंल तर तिच्या हातात द्या. मी इथंच बाकावर आहो. ती मले बोलवाले आली तर येतो. नाही आली, तर तिच्या मागच्या बसनं वाडीवर जातो अन् सकाळी जेसीबीच्या समोर एकटी उभी राह्यतो, नकाशा नसला तरी. तिथं कोणी विचारलं की बाई तू कोण, तर काय सांगायचं ते मले आता पक्कं माहीत आहे.

मानीबाई उठली. पदर सावरून राह्यली. म्हणते, दे मा तो अर्ज.

ज्या बॅकअपमध्ये काहीच खोट नव्हती तिले खराब म्हणणारी,
रुपाली