जमुनाचं सूप

कुडवा,
२० जानेवारी १९५७

प्रिय शामकला,

अनेक आशीर्वाद. परवा धानाच्या गिरणीत काट्यावर उभी राहिले, तर वर्षापूर्वीपेक्षा दहा शेर कमी भरले. शेजारची देवकाबाई आता रोज विचारते, काऊन वो, काय खाऊन बारीक होऊन राहिली? तिला काय सांगू?

तुझ्या आईला नि मला डॉक्टरांनी एकाच दिवशी बजावलं होतं. तिची छाती धडधडायची, माझे गुडघे सुजायचे. दवाखान्यातून येताना जमुना म्हणाली, एकटीनं हे जमणार नाही, दोघी मिळून करू. मग तिनंच नियम लावले. भात एकच वाटी, तोही वरण-भाजी खाऊन झाल्यावर. ताट लहान. सकाळी नागऱ्याच्या देवळापर्यंत पायी. आणि चारच्या सुमारास, जेव्हा पोट भरलेलं असूनही जीभ गूळ मागते, तेव्हा एकटीनं घरात थांबायचं नाही. जिला हाव सुटेल तिनं दुसरीकडे यायचं. सूपभर तांदूळ निवडून होईस्तोवर हाव उतरते, असं ती म्हणायची, आणि खरंच उतरायची. कडी दोनदा वाजवून ती हाक द्यायची, ‘सुमित्रे, दार उघड वो, कसंतरीच होऊन राहिलं.’ मी हसतच उघडायची. ती भिंतीला टेकून बसायची आणि खडे वेचून डाव्या गुडघ्याजवळ त्यांची लहानशी ढिगोली करायची.

कार्तिकात ती गेली. तिच्या उंबऱ्यात पडलेली सापडली, ते तुला ठाऊकच आहे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या दाराची कडी दोनदा वाजली. उघडलं तर कोणी नाही. अंगण नुकतं सारवलेलं, ओलं, त्यावर पाऊल नाही. आमचे हे दारालगत खाटेवर पडले होते, जागे होते. म्हणाले, मले तर काही ऐकू नाही आलं. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. मी दार उघडते, सूप घेते, बसते. तांदूळ निवडताना मान वर करत नाही, धीर होत नाही. निवडून झालं की भिंतीपाशी, जिथं माझा हात पोचत नाही, तिथं खड्यांची ढिगोली असते. मी हात जोडते आणि ते खडे परसात टाकून येते. गूळ आता तोंडाजवळ नेला तरी घशाखाली उतरत नाही.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पण काल बाजारात तुझे दीर घनश्याम भेटले. म्हणाले, वहिनी एक वेळच जेवते, अंगावर बाळ पिते तरी ऐकत नाही. माह्या लाडवानंच आईले मारलं, म्हणते. पोरी, म्हणून लिहायला बसले. तू दिवाळीला पाठवलेला लाडवांचा डबा जमुनानं उघडलासुद्धा नव्हता. घरात राहिला तर खाईन, म्हणून त्याच दिवशी माझ्याकडे आणून ठेवला. माझ्यावर भरवसा होता तिचा. तिनं एकही लाडू खाल्ला नाही. मी खाल्ले. रोज चोरून, दार लावून. ती गेली त्या बुधवारीही तोंडात लाडू होता, तेव्हा कडी वाजली आणि तिनं तीच हाक दिली. आवाज दबलेला होता. मला वाटलं, हाव सुटली असेल, थोडं थांबून परत जाईल. तोंड पुसून दार उघडायची लाज वाटली, म्हणून श्वास रोखून बसले. पावलं गेली. थोड्या वेळानं गल्लीत ओरड झाली. तिला उचलून नेल्यावर, सगळे आपापल्या घरी गेल्यावर, उरलेले दोन लाडूही मीच खाल्ले. माफी मागायला तोंड नाही. तू फक्त दोन्ही वेळा पोटभर जेव.

तुझीच,
सुमित्रामावशी