एक, दोन, चार

५ नोव्हेंबर
यादी लागली. राजधानीतल्या तंत्रशाळेसाठी आमच्या शाळेला एकच जागा, ती अबेलार्दोला. नीमियाला एक गुण कमी! पोरगी हुशार, पण आकड्यांची वाढ पाहून फलनाचं कूळ ओळखायच्या प्रश्नात घसरली. एक, दोन, चार – पुढे काय? सगळ्यांनी आठ लिहिलं, हिनं सात. भर वर्गात म्हटलं, “दुप्पट होतंय ते दिसत नाही? डोळे घरी ठेवून आलीस का?” वर्ग हसला. ती मान खाली घालून उभी.

८ नोव्हेंबर
नीमिया तीन दिवस शाळेत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दुपारी अंगणात तेरेरेचा थंड काढा पीत पेपरांचे गठ्ठे बांधत होते. नीमियाचा पेपर हाती आला. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं – ‘वाढ एक, मग दोन, मग तीन.’
एक, दोन, चार, सात. वर्गफलन! त्या तीन बिंदूंतून दुपटीचा, म्हणजे घातांकाचा वक्र जातो तसा वर्गफलनाचाही जातो. तीन आकड्यांवरून कूळ ठरतच नाही. प्रश्नच अर्धवट होता. आणि तो काढला कुणी? मी! एकतीस वर्षं शिकवून!
समास वाचलाच नव्हता. उत्तर पाहिलं, फुली मारली.

११ नोव्हेंबर
मुख्याध्यापक डॉन सिरीलोंकडे गेले. “यादी गेली वर, ब्लासिदाबाई. आता कशाला उकरता?”
“चूक माझी आहे. लेखी देते.”
“द्या. पण अबेलार्दोच्या आईला तोंड कोण देणार? तुम्ही?”
त्या पोराचा तरी काय दोष? तरी लिहून दिलं. जागा वाढवा म्हटलं.

१५ नोव्हेंबर
राजधानीतून उत्तर. दोन ओळी. नाही.

१६ नोव्हेंबर
नीमियाच्या घरी जाऊन आले. तिची आई चिपाचं, चीज घातलेल्या पावाचं, पीठ मळत होती. “या बाई, बसा. ती आता मावशीकडे शिवणाला बसते. येईलच.”
आली. बोटांना सुया टोचलेल्या. आईसमोरच माफी मागितली, सगळं सांगितलं. आई म्हणाली, “मोठ्या माणसाकडून होतं कधी कधी.” एवढंच. गरम चिपा पुढे ठेवला. रुमालात बांधून घेतला.

१७ नोव्हेंबर
एक गोष्ट काल लिहवली नाही. नीमिया फाटकापर्यंत पोचवायला आली होती. म्हणाली, “आठ मलाही दिसलं होतं, बाई. सात मुद्दाम लिहिलं. वाटलं, तुम्हाला आवडेल.”