पैशाची वाकळ

३ नोव्हेंबर, कोरेगाव
अनघाचा फोन. तिसरा. बी.ए.ला माझी विद्यार्थिनी होती, आता पुण्यात बँकेत. ऑगस्टमध्ये तिची आई वारली, माधवनगरला. आईच्या लुगड्यांची वाकळ हवी आहे, पांघरायची गोधडी.
म्हटलं, करते. पैसे नकोत.
"नाही मॅडम, घ्याच. म्हणजे कशी हवी ते मला सांगता येईल."
सहज म्हणाली. मला दिवसभर टोचतंय. तरी हो म्हटलं. निवृत्त झाल्यापासून कुणी काही मागितलं की बरं वाटतं, एवढंच कारण.

५ नोव्हेंबर
तारक्काला सांगितलं. शेजारीण, माहेर माण तालुक्यात, सत्तरी गाठलेली. वाकळ घालायला, थरावर थर देऊन शिवायला, मला तिनेच शिकवलं. अजून जाड थरातून सुई तीच काढते. भडकली.
"पैशाची? आवं बाई, कोण हाय ती? कुठल्या कुशीवर निजती? थंडी पायाला वाजती का पाठीला?"
"माहीत नाही. मापं पाठवते म्हणाली."
"मापं खाटंची असत्यात. माणसाची न्हाईत."
तिच्या सासऱ्यांची वाकळ पायाकडे दोन थर जास्त होती. बाळंतिणीची पोटावर मऊ. माणूस ठाऊक नसेल तर हात कुठे जड करायचा, कुठे हलका? गल्लीतल्या बायका गिऱ्हाइकाला "नाही" का म्हणतात, ते मी आजवर आळस समजत होते. आळस नाही.

९ नोव्हेंबर
एसटीने बोचकं आलं. नऊ लुगडी, बहुतेक इरकली. सोबत छापील कागद, चौदा मुद्दे. लांबी, रुंदी. टाके एका रेषेत, सारख्या अंतरावर. दहा डिसेंबरच्या आत. एक फोटो, त्यातली वाकळ मशीनची. आणि खाली: "हाताने शिवलेली आहे हे कळायला हवं."
मशीनसारखी, पण हाताची. हसले. मग चिडले. तीन वर्षं हिला मी कविता शिकवली.
चौदावा मुद्दा: कपडे धुऊ नयेत. कारण दिलेलं नाही. कागद घडी करून डब्यात ठेवला.

१२ नोव्हेंबर
दोन दिवस साताऱ्याला, भाचीकडे. किल्ली तारक्काकडे होती. आज दुपारी आले तर गच्चीवर नऊच्या नऊ लुगडी वाळत. रिठ्याच्या पाण्यात घातली होती. तीनदा.
"हे काय केलंत?"
"काय म्हंजी? मेल्या माणसाचं कापाड धुतल्याबिगर सुई लावत्यात व्हय? तिचा जीव अडकंल की त्यात."
चूक कुणाची? तिच्या रीतीप्रमाणे तिने बरोबरच केलं. कागद तिला मी वाचून दाखवला नव्हता. तिला वाचता येत नाही. मला येतं.

१३ नोव्हेंबर
अनघाला सांगितलं.  
"मॅडम, त्यात आईचा वास होता. तीन महिने मी कपाट उघडलं नाही. उडून जाईल म्हणून. बोचकंही शेजारच्या काकूंनी बांधून पाठवलं."
मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. मग बँकेतला आवाज:
"मी लिहून दिलं होतं. पैसे देणार होते ते कशाचे?"

त्याच दिवशी, संध्याकाळी
माझी चूक आहे. पुन्हा लिहिते: माझी चूक आहे. तरी राग जात नाही. आईचा वास चौदाव्या क्रमांकावर लिहितं कुणी? टाके एका रेषेत, आणि त्याच्या खाली, कारण न देता? फुकट करत असते तर ही इथे येऊन बसली असती. एकेक लुगडं उलगडून दाखवलं असतं, हे कुठे नेसायची, ते कुणी घेतलं. मी विचारलं असतं, ती रडली असती, तारक्काने ऐकलं असतं. पैसे ठरले आणि सगळ्या बोलण्याचा एक कागद झाला. मीही तो वीजबिलासारखा वाचला.

१५ नोव्हेंबर
मेसेज: लुगडी आहेत तशी परत पाठवा. धन्यवाद.
"आहेत तशी" म्हणजे कशी?
तारक्काला म्हटलं, वाकळ घालायची नाही.
"मग धुतली कशाला म्या?"
मी घड्या घालायला घेतल्या.

१८ नोव्हेंबर
भाचीने फोनवर दाखवलं. अनघाने कुठल्या तरी ग्रुपात लिहिलंय. माझं नाव नाही, पण साताऱ्याकडच्या एक बाई, निवृत्त प्राध्यापिका, वगैरे. खाली लोक: हे कारागीर असेच. आधी गोड बोलतात. सूचना वाचतच नाहीत. पैसे बुडवा त्यांचे.
आजवर तेहतीस वाकळा केल्या. कुणी टाका मोजला नाही. एकीला आखूड झाली, म्हणाली, पाय दुमडून निजते की. तेव्हा मी कारागीर नव्हते. त्या गोड मानून घेतलेल्या वाकळा होत्या आणि ही सेवा. सेवेत त्रुटी.
भाची म्हणाली, मावशी, उत्तर लिही. चार ओळी लिहिल्या. शुद्धलेखन तपासलं. पुसल्या.

१९ नोव्हेंबर
भाजी घेताना शेवंता भेटली, गल्लीच्या टोकाची, हात तारक्काच्या तोडीचा. तिला कळलंय.
"म्हणून आमी गिऱ्हाईक घेत न्हाई, बाई. घरच्यानं शिव्या दिल्या तर रातच्याला त्योच वाकळ वडून घेतो. गिऱ्हाईक शिव्या बी देतंय आन् वाकळ बी टाकून जातंय."
लय हसली. मला हसू आलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
अनघा आली. न कळवता, स्वतः गाडी चालवत. अजून न पाठवलेल्या नऊ घड्या मी समोर ठेवल्या. बोलायची वाक्यं तयार होती, चांगली, धारदार.
तिने एक उचललं, नाकाशी नेलं. खाली ठेवलं.
"धुतली कुणी?"
तारक्का दारातच होती. "म्या. बाईंना बोलू नगंस. मला बोल."
वाटलं, आता होणार. अनघा तिच्यापुढे जमिनीवर बसली.
"आजी, शेवटचा तुम्हाला आला तो वास. मी कपाट उघडलंच नव्हतं. सांगा ना, कसा होता?"
मी आत गेले. चहा ठेवला. ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं. तारक्का सावकाश सांगत होती: चुलीचा धूर न्हवं, गॅसवरच्या फोडणीचा. कापूर. एका लुगड्याला खोकल्याचं औषद सांडल्यालं. आन् मानंच्या घामाचा, पदराला, हितं.
"कुठे?"
"हितं."
चहा गार झाला. माझी धारदार वाक्यं तशीच राहिली, आणि त्याचाही राग आला.
जाताना तिने चार लुगडी घेतली. मोजून नाही, हाताला लागली ती. पाच इथेच. ग्रुपवरचं काढते म्हणाली नाही. वाकळ करा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पैशाचं तिने काढलं नाही. मीही नाही.
तारक्काने पाच घड्या दोनदा चाचपल्या.
"पाचात पुरं माणूस झाकत न्हाई, बाई."
तरी सुई ओवून बसली आहे. माझ्याकडे बघते आहे.