अमृतसर फायनल

१८ जानेवारी
ठरलं. मी आणि लखन अमृतसरला जाणार. टीवायचं शेवटचं सेमिस्टर आहे. एप्रिलमध्ये परीक्षा, मग लखन परत सटाण्याला त्यांच्या दुकानात बसणार आणि मी पुण्याला, बहुतेक एखाद्या मोठ्या कंपनीत. त्याआधी एक ट्रिप झालीच पाहिजे. जनरल डबा, गुरुद्वाऱ्यात मुक्काम, लंगरमध्ये जेवण. इतक्या स्वस्तात कोणी फिरलं नसेल. प्लॅनिंग पूर्ण माझ्याकडे. लखनने फक्त हो म्हणायचं. तो "बघू" म्हणाला. लखनचं बघू म्हणजे होच.

घरी सांगितलं. अण्णा गुलाबाच्या जुड्या बांधत होते. "जाऊन ये," म्हणाले, "नंतर कुठं जाणं होतंय." आईने विचारलं, फेब्रुवारीत गुलाबाचा सीझन, तोडायला माणूस मिळत नाही, तेव्हा तू फिरणार का. मी तिला सांगितलं की तारीख शास्त्रीय पद्धतीने ठरवली जाईल.

२१ जानेवारी
ट्रेनिंग सुरू. जनरल डब्यात जागा मिळेलच असं नाही, म्हणून आजपासून फरशीवर झोपणे, उशी बंद, चहा बंद, जेवणात फक्त चुरमुरे.

२२ जानेवारी
मान आखडली. डॉक्टरांच्या व्हिडिओत म्हणतात की मानेला आधार हवा. गादीवर परत. चुरमुऱ्यांवर तर्री घातली तर ते चुरमुरेच राहतात का? कॉलेजसमोर याचा विचार करत दोन प्लेट मिसळ खाल्ली. उद्यापासून कडक.

संध्याकाळी गच्चीवर अभ्यास करत होतो (डोळे मिटून, उजळणी). खाली मळ्यात अण्णा सरीच्या मधोमध मातीत बसलेले दिसले. काम टाकून बसायची त्यांना सवय नाही. खाली गेल्यावर म्हणाले, "जरा छातीत भरल्यासारखं झालं. लय नाय." काल वांग्याची तिखट भाजी होती. ॲसिडिटी. मी त्यांना थंड दूध प्यायला सांगितलं. ते प्यायले.

२५ जानेवारी
तारीख ठरली: ९ फेब्रुवारी. अमृतसरची गाडी मनमाडहून दुपारनंतर. माझ्या थिअरीनुसार व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात जोड्या हॉटेलांत असतात, त्यामुळे गाड्या रिकाम्या. शिवाय त्या आठवड्यात कॉलेजमध्ये एकटं फिरण्यापेक्षा प्रवासात एकटं असणं केव्हाही भारदस्त.

आई म्हणाली, नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त तोड असते. मी म्हणालो, जाण्याआधी डबल काम करून जाईन. उद्यापासून पहाटे उठणार.

२६ जानेवारी
सुट्टी. उठलो नाही.

लखन आला होता. त्याला गप्प बसवत नाही, लगेच कात्री घेऊन अण्णांबरोबर मळ्यात शिरला. मी नकाशे बघत होतो. कोणीतरी बघायलाच हवेत. दुपारी लखन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णासनी तब्येत बरी नई शे, भो." घाबरला की तो सटाण्याचं बोलायला लागतो. म्हणे, क्रेट पिकअपपर्यंत नेताना अण्णा वाटेत थांबतात, झाडाला हात लावून उभे राहतात. मी सांगितलं, वय झालं, बावन्न वर्षांचा माणूस थांबणारच. लखन म्हणाला, त्याचे वडील साठीचे आहेत, ते थांबत नाहीत.

मला वाटतं लखन ट्रिपमधून अंग काढायला कारण शोधतोय. लक्ष ठेवावं लागेल.

३० जानेवारी
अण्णांची दाढ दुखते. डावीकडची, खालची. क्रेट उचलून चाललं की दुखते, बसलं की थांबते. मी समजावून सांगितलं की चालताना दाढ हलते. आईने लवंग दिली. अण्णा दिवसभर लवंग चघळत होते. फरक नाही. आता हातही जड वाटतो म्हणतात. लवंगेचं तेल उतरलं असेल.

चॅनेलचं नाव नक्की केलं: "साई ऑन जनरल". अजून व्हिडिओ नाही. सबस्क्रायबर लखन.

३ फेब्रुवारी
अण्णांना पंचवटीत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. मोठा मुलगा या नात्याने (एकटाच आहे). मॅडमनी एक्स-रे काढला. अण्णा चूळ भरायला गेले तेव्हा मला बाजूला घेतलं. "दात अगदी चांगला आहे," म्हणाल्या. "चालताना दुखतं, बसलं की थांबतं, हे मला दाताचं वाटत नाही. आजच ईसीजी काढून घ्या. त्यांना घाबरवू नका, पण टाळू नका. आजच." आज हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, काय म्हणल्या. मी म्हणालो, दात ठीक आहे, गरम पाण्याच्या गुळण्या करा. हे खरंच आहे, दात ठीक आहे असं त्या म्हणाल्याच होत्या. अण्णा खूश झाले. येताना आईसाठी जिलेबी घेतली.

शांतपणे विचार केला. हे डॉक्टर एकमेकांकडे पेशंट पाठवतातच. ईसीजी काढला की काहीतरी निघणार, काहीतरी निघालं की आई मला जाऊ देणार नाही. आणि अण्णा काय, कुठे जातायत? १५ तारखेला परत आलो की स्वतः घेऊन जाईन. फुल बॉडी चेकअप. नुसता ईसीजी नाही. एका अर्थी हे जास्त जबाबदारीचं आहे.

५ फेब्रुवारी
कॅन्टीनमध्ये लखनला गंमत म्हणून सांगितलं: दातांच्या डॉक्टरने हार्ट तपासायला सांगितलं, उद्या चपलेच्या दुकानात डोळे तपासतील. तो हसला नाही. वडापाव खाली ठेवला.
"काढला का मग ईसीजी?"
"आल्यावर काढू."
"काकूंना माहिती हाय?"
मी म्हणालो, घरच्यांना उगाच टेन्शन देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तो म्हणाला, "तू आधी त्यांना दवाखान्यात ने. तोवर मी काय येत नाय." मी त्याला स्पष्ट सांगितलं की तुला मुळात यायचंच नव्हतं, जनरल डब्याची भीती वाटते. तो उठला. म्हणाला, मीच काकूंना सांगतो. मी म्हणालो, माझ्या घरात तोंड घातलंस तर मैत्री संपली. शेवटी मी कबूल केलं की उद्या नेतो.

६ फेब्रुवारी
उद्या म्हणजे आज. पण अण्णा स्वतःच म्हणाले, आज बरं वाटतंय. पेशंटलाच बरं वाटत असेल तर काय करणार. लखनला "झालं, नॉर्मल" असा मेसेज टाकला. मैत्रीसाठी कधी कधी असं करावं लागतं.

७ फेब्रुवारी
लखन म्हणाला, रिपोर्टचा फोटो पाठव.
संशयी माणूस. पाठवला नाही. फोन घेणंच बंद केलं.

८ फेब्रुवारी
लखन येत नाहीये. शेवटचा मेसेज: "खोटं बोलला ना तू. मी येत नाय. उद्या संध्याकाळी घरी येऊन काकूंशी बोलतो." बोल म्हणावं. तोपर्यंत मी खान्देश ओलांडलेला असेन.

खरं तर सोलो ट्रिप जास्त चांगली. माणूस स्वतःला सापडतो. घरी मात्र लखन द्वारका चौकात, मनमाडच्या बसपाशी भेटणार आहे असंच सांगितलंय. एकटा जातोय म्हटलं तर आई रडेल. तिची काळजी घेणंही माझंच काम.

अण्णा जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

९ फेब्रुवारी, सकाळ
गजर झाला तेव्हा अण्णा तोड करून आलेसुद्धा होते. मी डबल काम करणार होतो, ते राहिलं. आल्यावर तिप्पट.

रिक्षाने जातो म्हणालो तर अण्णा म्हणाले, मी सोडतो. माझी बॅग त्यांनीच उचलली. मखमलाबादच्या रस्त्यावर गार वारं होतं, मला टोपी घालूनही थंडी वाजत होती, आणि अण्णांच्या शर्टाची पाठ ओली. दोनदा गाडी बाजूला घेतली. दुसऱ्यांदा हँडलवर डोकं टेकवून बसले. मी म्हणालो, अण्णा, बस चुकेल. "हां, चल," म्हणाले.

घाम म्हणजे शरीर टॉक्सिन बाहेर टाकतं. चांगलं लक्षण.

द्वारकेला उतरलो. लखन कुठंय विचारलं. पुढच्या स्टॉपवर, असं सांगितलं. मला वाटलं आता ते थांबतात की काय, पण गाडीवर बसूनच म्हणाले, "जेवत जा वेळेवर." चेहरा राखेसारखा दिसत होता. ट्रॅफिकच्या धुराने तिथे सगळेच तसे दिसतात.

९ फेब्रुवारी, दुपार, मनमाड
बसमध्ये बसल्यापासून फोन बंद केला आहे. लखन घरी जाऊन बोंब मारणार, मग आई फोन करणार, आणि मी भावनेच्या भरात परत फिरणार. हे धोके ओळखता आले पाहिजेत. डिजिटल डिटॉक्स.

प्लॅटफॉर्मवर अख्खा पंजाब आणि अर्धं नांदेड. थिअरीत थोडी दुरुस्ती हवी.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ, गाडीत
संडासाच्या दाराशी उभा आहे. एका पायावर, कारण दुसरा कोणाच्या तरी ट्रंकेखाली आहे. तरी मोकळं वाटतंय. वाटलंच पाहिजे. मनात मधूनच काहीतरी टोचतं. भूक असेल.

१० फेब्रुवारी, सकाळ
ग्वाल्हेरजवळ उजाडलं. मोहरीची शेतं पिवळीधमक. चॅनेलसाठी शूट करायला फोन चालू केला.

स्क्रीन भरून मिस्ड कॉल. आई. आई. आई. लखन. आई. मग नुसताच लखन.
मेसेज: "काकांना ॲटॅक आला. दवाखान्यात आणलंय. फोन चालू कर."

लावला. लखनने उचलला. म्हणाला, आयसीयूत आहेत, जिवंत आहेत, ये. एवढंच. मी विचारलं, तू तिथे कसा. तो म्हणाला, "काकूंना वाटलं मी तुझ्यासोबत गाडीत हाय. तुझा बंद लागला म्हणून मला लावला. मी रूमवर होतो."

ग्वाल्हेरला उतरलो. परतीची गाडी कुठली, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, काही सुचेना. प्लॅनिंग माझ्याकडे होतं.

११ फेब्रुवारी
दवाखाना. अण्णांना काचेतून बघितलं. नळ्या. लहान दिसतात.

आईकडून कळलं ते असं. मला सोडून ते घरी आले, गाडी नीट स्टँडवर लावली आणि उरलेली तोड करायला मळ्यात गेले. आई चहा घेऊन गेली तर सरीत आडवे. तिला वाटलं पाय घसरला. हाक मारली तर नुसते डोळे हलले. शेजारच्यांची पिकअप मिळाली. लखन त्यांच्या आधी दवाखान्याच्या दारात उभा होता. दातांच्या डॉक्टरचं त्यानेच आत सांगितलं.

इथले डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. म्हणाले, ब्लॉकेज काढलं, जीव वाचला, पण हृदयाचा थोडा भाग गेला, तो परत येत नाही. "आठवडाभर आधी आणलं असतं तर फरक पडला असता." हे त्यांनी सहज सांगितलं, कोणाला उद्देशून नाही.

आईने बाकावर विचारलं, "दातवाल्या बाई काय म्हणल्या होत्या रे तुला? लखन म्हणतो, त्यांनी तपासायला सांगितलं होतं."
मी म्हणालो, नीट आठवत नाही.
लखन समोर उभा होता. तो औषधं आणायला खाली गेला.

१४ फेब्रुवारी
मळ्यातले गुलाब आई आणि लखनने तोडले. मी दवाखान्यात थांबलो होतो. अण्णा झोपलेले असतात. जागे झाले की माझ्याकडे बघून पुन्हा डोळे मिटतात. मी ठरवलंय, घरी आले की दोघांना बसवून सगळं खरं सांगायचं. शब्दन् शब्द. हे ठरवल्यावर बरं वाटलं, जवळजवळ सांगितल्यासारखंच.

१७ फेब्रुवारी
अण्णा घरी आले. क्रेट उचलायचा नाही, जिना चढायचा नाही, मळ्यात फक्त फिरायला जायचं. ओट्यावर खुर्ची टाकून दिली. लखन आला होता, कुठली गोळी कधी ते आईला समजावत होता.

आईने पुन्हा काढलं. सगळ्यांसमोर. "साई, आता तरी सांग. काय म्हणल्या होत्या त्या बाई?"

मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं. कितीदा तरी मनात म्हणून बघितलं होतं.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "त्याला काय इचारती. सांगितलं होतं त्यानं मला तवाच. मीच म्हणलो, पोरगं फिरून येऊ दे, मंग बघू. आईला बोलू नको म्हणलो."

आवाज बारीक झालाय त्यांचा. आई त्यांच्यावर सुरू झाली. आपल्या जिवाचं काही वाटतं का, माझं काही वाटतं का, पोराला खोटं बोलायला लावता का. अण्णा मळ्याकडे बघत ऐकत होते. एकदाही तिला थांबवलं नाही.

लखन पायरीवर बूट घालत होता. त्याने अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बोलतो का ते बघत होता. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला फार वेळ घेतला. मग "येतो काका" म्हणून गेला.

मी बोललो नाही.

आई चहा ठेवायला आत गेल्यावर अण्णांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितलं. ओढली. मग विचारलं, "गाडीत बसायला जागा मिळाली का?"

मिळाली म्हणालो.