खोटी धाप

बाई,

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. तुम्ही असताना सांगायचं राहिलं, ते आज लिहिते.

मी अकरा वर्षांची होते. तोंडवलीच्या वाळूत शाळेच्या शर्यती होत्या. मी नेहमी शेवटची यायचे, म्हणून त्या दिवशी धाप लागल्याचं सोंग करून मध्येच छाती धरून बसले. "आळशी कुठली! ऊठ!" म्हणत तुम्ही पाठीवर छडी ओढलीत. मी हट्टाने डोळे मिटून आडवी झाले. डोळे किलकिले करून बघते तर तुमचा चेहरा पांढराफटक. तुम्ही मला उचलता, बैलगाडीत घालता आणि थेट डॉक्टरांकडे नेता. मी घाबरून गप्प.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली. मग आई-बाबांसकट आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की हा जन्मापासूनचा, क्वचित कुणात सापडणारा दोष. उजव्या फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा हृदयाच्या डाव्या बाजूला जायला हव्यात, त्या उजवीकडेच जुळलेल्या, आणि मधल्या पडद्याला भोक. घाटी चढताना मला खरोखर दम लागायचा, पण तो सगळ्यांनाच लागतो असं मी समजत होते.

बाबा ऑपरेशनला तयार होईनात. "चेडू चलता, जेवता, हसता. तेची छाती कित्याक कापूची?"

"मी मारलंय तेका," तुम्ही म्हणालात. "आता तेका बरा करूनच परत नेतलंय."

बाबांनी कागदावर अंगठा दिला. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तुम्ही बाकावर क्रूसाची जपमाळ ओढत होतात, आणि माझी आई, तुमची प्रार्थना न कळणारी मासेवाली, तुमचा पदर धरून शेजारी बसली होती. हे तिनेच मला सांगितलं.

मी जगले. पुढे दर नाताळाला तुम्ही करंजीसारख्या नेवऱ्या घेऊन यायचात आणि त्या छडीची माफी मागायचात. शेवटच्या आजारातही माझा हात धरून विचारलंत, "माका माफ केलंस मां गो?" मी म्हटलं, "कधीच केलं, बाई." सोंगाचं तेवढं ओठांवर येऊन राहिलं.

लहानपणी भीतीने बोलले नाही. मोठेपणी कसली भीती? हे पत्रही वहीतच राहणार, तर लिहून टाकते. मासेवालीच्या पोरीची शाळेतल्या बाई माफी मागतात, हे मला फार आवडायचं.