बांच्या पाण्याचं भांडं

काठमांडू, डिल्लीबजार
१८ पूस, विक्रम संवत् २०३९

चि. खिम यास दिदीचे अ. आ.,

इकडे सर्व ठीक. तिकडची खुशाली तू कळवत नाहीस, म्हणून ती मला लोकांच्या तोंडून ऐकावी लागते. काकांची सून सोमती डोळे दाखवायला आली होती. ती म्हणाली, तू मेघौलीच्या बाजारात खाकी चढवून, कातड्याचे बूट करकरवत हिंडत होतास. अरे, बा जाऊन अजून वर्ष झालं नाही! आई आधीच गेलेली, मुलगा तू एकटा. वर्षभर पांढरं नेसायचं, दह्याला आणि चामड्याला शिवायचं नाही, एवढंच तर मुलाने करायचं असतं. तेवढंही तुझ्याच्याने होईना? सोमतीने हे सगळं माझ्या सासूबाईंच्या देखत सांगितलं. त्या सुपारी कातरत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या घरात श्राद्धाचं पाणी खागाच्या पात्रातून देतात, तुला ठाऊक आहे. गेंड्याच्या शिंगाचं ते वाटीएवढं भांडं, काळं कुळकुळीत, पण ते फक्त त्यांच्याच पितरांसाठी. पितळेतलं पाणी पितरांना पोचेलच असं नाही, हे सासूबाई मला दर श्राद्धाला ऐकवतात. परवा बा स्वप्नात आले. ओठ फुटलेले. मी तांब्याने पाणी घातलं तर सगळं त्यांच्या बोटांतून गळून गेलं. उठून किती वेळ रडत होते.

वैशाखात बरखी आहे, बांचं पहिलं वर्षश्राद्ध. ते इथेच आमच्या घरी करायचं ठरलंय आणि पाणी तुझ्याच हातून जायचंय. मेलेल्या गेंड्यांची शिंगं तुमच्या जंगलखात्याच्या कचेरीत धूळ खात पडलेली असतात म्हणे. एखादा तुकडा नाही का मिळणार? विचारून बघ. यांचे, म्हणजे तुझ्या भिनाजूंचे, आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढेल असं वाग.

तुझी दिदी
विष्णुकुमारी


रापतीकाठची चौकी
६ माघ २०३९

ती. दिदीच्या पायांशी खिमचा सा. न.,

तुझं पत्र वाचून लौटन खूप हसला. लौटन महतो म्हणजे माझा जोडीदार, गेंड्यांच्या गस्तीला आम्ही दोघंच जातो. गडी इथल्या थारू जमातीचा, आवाज रेड्याचा आणि हौस गाण्याची. तो म्हणतो, दिदी एवढ्या लांबून एवढं झोडपते, तर जवळ असती तर काय केलं असतं!

चौकीवर मी पांढऱ्यातच असतो गं. दही तेव्हापासून तोंडाला लावलेलं नाही. फक्त गस्तीवर खाकी घालतो. जंगलात पांढरं कोसावरून दिसतं. मला गेंड्याची भीती नाही, त्याची नजर अधू असते. वारा उलटा असला तर दहा पावलांवरचा माणूसही त्याला कळत नाही. भीती आहे ती बंदूकवाल्यांची. गेंडे रोज ठरलेल्या जागी शेण टाकायला येतात. तिथे शेणाचे ढीग साचतात आणि जनावर मरेपर्यंत ती जागा सोडत नाही. चोराला आणखी काय हवं? जवळच्या झाडावर चढून बसायचं आणि गस्त दुसरीकडे गेली की बार काढायचा. आम्ही कुठे आहोत हे त्यांना कळलं नाही, एवढ्यावरच ती जनावरं जगतात.

विहीणबाई आठवते ना? डावा कान फाटलेली मादी. न बोलावता यायची, शेतातलं भात फस्त करायची आणि तोंडावर कुणाची बोलायची छाती नाही, म्हणून बांनीच तिचं ते नाव ठेवलं. शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारायचे, विहीण येऊन गेली का? तिला पावसाळ्यात पोर झालं. पोरगी आहे. चिखलात आईच्या पाठीवर चढायला बघते आणि घसरून पडते. या दोघींना सांभाळायचं एवढंच काम सध्या मी मन लावून करतो, खोटं कशाला सांगू.

कचेरीतली शिंगं कुलपात असतात. तिथे मी हात घालणार नाही, आणि जिवंत जनावराच्या नाकावरचं तर नावच काढू नकोस. बांना मी पळसाच्या द्रोणातून पाणी देईन. माझ्या हातचं आहे म्हटल्यावर ते नको म्हणणार नाहीत. भिनाजूंना नमस्कार. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
खिम


काठमांडू
२५ माघ २०३९

चि. खिम यास दिदीचे अ. आ.,

पळसाचा द्रोण! सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांना आठवडाभर हसायला पुरलं असतं. राहू दे. पात्राचं मी माझं बघते, तू त्यात पडूच नकोस. त्या रानडुकराच्या मावशीला देवाने शिंग दिलं ते चिखल उकरायला, आणि आपल्या बांना पाणी मिळू नये? पण तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. लहानपणी कोंबडी कापली तरी तू जेवायचा नाहीस.

एक मात्र माझं ऐकायचंच. सोमतीच्या नवऱ्याबरोबर पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड, टोपी आणि कापडी बूट पाठवले आहेत. बरखी होईपर्यंत ते अंगावरून उतरवायचे नाहीत. गस्तीवर तर मुळीच नाही. बांची शपथ घालते तुला. मोडलीस तर पुन्हा मला दिदी म्हणायचं नाही आणि माझ्या दारात यायचं नाही. आई गेली तेव्हा तुला मी कडेवर वाढवलं, त्याच्या बदल्यात एवढंच मागते.

शपथ पाळलीस असं चार ओळींत कळव, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. थंडी आहे, छाती झाकून घे.

तुझी दिदी


रापतीकाठची चौकी
२० फागुन २०३९

ती. दिदीच्या पायांशी खिमचा सा. न.,

कपडे मिळाले, घातले. बांच्या शपथेपुढे माझं काय चालणार? चौकीचे साहेब रागावले, मग धर्माची गोष्ट म्हणून त्यांनी चालवून घेतलं. गवतकापणी संपली आणि उरलेलं रान नेहमीसारखं जाळलं. सगळी जमीन काळी पडलीय आणि तिच्यावरून मी हा असा पांढराफेक चालतोय. लौटनने माझं नाव बगळा ठेवलंय. म्हणतो, आता थेट विहीणबाईच्या पाठीवर जाऊन बस, ती तुला काही करणार नाही. त्याच्या बायकोने, सुकनीने, माझ्यासाठी तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या धिकऱ्या करून दिल्या आणि नवऱ्याला या बगळ्यापासून चार हात लांब चालायला सांगितलं. हसत सांगितलं, पण सांगितलं.

राखेतून कोवळे कोंब वर आलेत. त्यासाठी विहीण दिवसाढवळ्या उघड्यावर येते, पोरीला घेऊन. परवा वाघाचा वास आला तर पोरीला पोटाखाली घेऊन तिने असे दात विचकले की आम्ही दोघं झाडावर! दिदी, तू ते बघायला हवं होतंस.

एक काळजी आहे. तिच्या शेणाच्या ढिगाजवळच्या काटेसावरीखाली विड्यांची थोटकं सापडली. आपली माणसं तिकडे बसत नाहीत. आम्ही तिकडच्या फेऱ्या वाढवल्यात, पण आम्ही निघालो की रान आधीच रिकामं झालेलं असतं. मला लांबून कुणीही बघू शकतं. शपथ सोडवशील का? एकदा हो म्हण. पात्रासाठी माझ्यामागे लागणं तू सोडलंस तेवढं बरं झालं.

माया ठेव.

खिम


रापतीकाठची चौकी
११ चैत २०३९

ती. दिदीस,

तुझं उत्तर आलं नाही. आता त्याची गरजही उरली नाही. विहीण मेली. लौटन मेला.

दुपारी आम्ही नदीच्या पलीकडे गेलो होतो. मी पाण्यात उतरताना नक्की दिसलो असणार, कारण पलीकडच्या काठाला लागतो न लागतो तोच मागे बार झाला. पळत आलो. ती ढिगाशेजारी पडली होती आणि ते तिघे तिच्या तोंडावर कुऱ्हाड चालवत होते. ती जिवंत होती गं. मागचे पाय हलत होते, घशातून फुर्रफुर्र येत होतं. शिंग मुळासकट निघावं म्हणून त्यांनी नाकच्या नाक कापून नेलं.

जळक्या माळावर लपायला काडी नव्हती. सावरीवर चौथा माणूस बंदूक घेऊन बसला होता. त्याने नळी माझ्यावर धरली. मला ती नीट दिसली. मग त्याने ती बाजूला वळवली आणि लौटनला मारलं. लौटन माझ्यापेक्षा हातभर मागे होता आणि खाकीत होता. नेम धरायला मी सोपा होतो, दिदी. मला का सोडलं, हे मला उमजत नाही. सुकनी नुसती माझ्या कपड्यांकडे बघते.

पोरगी आईपासून हलेना. आम्ही जवळ गेलो की धावून यायची, मग परत जाऊन पान्हा शोधायची. आईचं पोट फुगलं, गिधाडं उतरली, तरी तिचं तोंड तिथंच. हत्ती आणून तिला हाकायच्या आत वाघाने तिला नेलं.

तिघे पळाले, सावरीवरचा सापडला. मला झोप लागत नाही.

खिम


काठमांडू
२२ चैत २०३९

चि. खिम यास दिदीचे अ. आ. आणि हजार वर्षं आयुष्य,

तू सुखरूप आहेस हे वाचून आधी देवापुढे दिवा लावला, मग पुढचं पत्र वाचलं. लौटनचं वाईट झालं. सुकनीसाठी लुगडं पाठवते. पण असली नोकरी करणाऱ्याने हे धरूनच चालायचं असतं. तू आता बदली मागून घे, भिनाजू कुणाशी तरी बोलतील.

तुला का सोडलं म्हणून जीव जाळत बसू नकोस. सांगूनच टाकते, म्हणजे तुला झोप लागेल. पात्रासाठी मी एका माणसाला सांगितलं होतं. तुमच्याच बाजूचं जनावर आहे म्हणाला. मी म्हटलं, तिथे माझा पाठचा भाऊ आहे. त्याच्या केसाला धक्का लागला तर तुझं घर उन्हात बांधीन. त्याने विचारलं, रानात तो ओळखायचा कसा? मी म्हटलं, पांढऱ्यात असेल तो माझा. त्याने तुळस उचलून शब्द दिला आणि पाळला. आता कळलं मी शपथ का घातली आणि का सोडवली नाही? उगीच म्हणतोस दिदीला माया नाही.

ती विहीण होती हे मला ठाऊक नव्हतं. असतं तरी काय? उभ्या जन्मात बांचं भात खाल्लंन, आता बांना पाणी पाजू दे. शिंगाचा मोठा भाग कुठे परदेशी गेला, बुडाचा मला मिळाला. कारागिराने भांडं सुरेख केलंय. सासूबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि आमच्यापेक्षा मोठं आहे म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिला चांगला शब्द निघाला. देवघरात उजव्या कोनाड्यात ठेवलंय.

बरखीला चार दिवस आधी ये. तुझ्या आवडीचा आंबवलेल्या पालेभाजीचा गुंद्रुक वाळवून ठेवला आहे. प्रवासात बाहेरचं काही खाऊ नकोस.

तुझी दिदी


रापतीकाठची चौकी
३ वैशाख २०४०

ती. दिदीस खिमचा नमस्कार,

पत्र मिळालं. झोप मात्र लागली नाही.

दर भाऊबीजेला तू माझ्याभोवती तेलाची धार सोडायचीस, यम आत येऊ नये म्हणून. मी खोड्या करायचो आणि तू डोक्यात टपली मारून मला धारेच्या आत नीट बसवायचीस. यंदाही तू तेच केलंस. मी आत होतो. लौटन बाहेर होता.

काल सुकनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो. तिने दार उघडलं नाही. लुगडं पाठवू नकोस.

बांना पाणी आज पहाटे रापतीत उभा राहून ओंजळीने दिलं. पोचलं की नाही ते त्यांचं त्यांना माहीत. बरखीला मी येणार नाही आणि मुलगी म्हणून ते पाणी तुझ्या हातून चालणार नाही. ते भांडं सासूबाईंना बघायला ठेव, जितके दिवस राहील तितके.

राहणार नाही म्हणा. नदीवरून मी थेट साहेबांकडे गेलो. शिंग कुणी मागवलं, त्या माणसाने शब्द कुणाला दिला, पात्र कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात, कुठल्या कोनाड्यात आहे, हे सगळं सांगितलं. भिनाजूंना यातलं काही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. हे पत्र पोचायच्या आधीच माणसं तुझ्या दारात आली असतील. साहेब चांगला माणूस आहे. त्याने लेखणी थांबवली आणि मला दोनदा विचारलं, ही बाई तुझी कोण, चुलत की मानलेली. मी म्हटलं सख्खी, तिनेच मला वाढवलं. मग त्याने तसं लिहिलं आणि मी खाली सही केली.

खिम