काळ्या डुकरावर काळी माशी

पुंगोल, सिंगापूर
मंगळवार, १० जून २०२५

चि. रुचिर यास,

अनेक आशीर्वाद. तू आणि ऋचा टेक्ससच्या उन्हाळ्यात तग धरून असाल अशी आशा. इथे आम्ही तिघं ठीक. इराला सुट्टी लागली आहे. मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देते आणि परत फोनमध्ये जाते. सुलेखाचा तळहात खरचटलाय, ते पुढे सांगतो. परवा पुण्याहून मावशीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन होता. आपला लेक रिव्हॉल्व्हर घेऊन रानडुकरांच्या मागे जातो हे तिला अजून माहीत नाही. मीही सांगितलं नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी सांगत नाही.

हे मेलवर लिहितोय, कारण फोनवर तू हसत बोलायला लागलास की माझं मुद्द्याचं बोलणं राहून जातं. शनिवारी तुला शिकारीला जायचंय, म्हणून आजच लिहायला हवं.

रविवारी संध्याकाळी मी आणि सुलेखा पाण्याकडेच्या वाटेवर फिरायला गेलो होतो. इराही होती. इथल्या झाडीत रानडुकरं आहेत हे तुला माहीत आहेच, तू इथे राहत असताना आपण दोघांनी लांबून पाहिलीही आहेत. उजेड उतरला होता. समोरून एक मादी पाच-सहा पिल्लं घेऊन वाट ओलांडून गेली, लोक फोटो काढत थांबले. आणि मग आमच्या डाव्या हाताच्या झुडपातून नर निघाला. निघाला म्हणजे काय, मला तो दिसलाच नाही. आधी आवाज आला, मग सुलेखा खाली पडलेली दिसली. तो तिच्यापासून हातभरावरून गेला. सात पावलांवर असताना मी त्याच्याकडेच बघत होतो, रुचिर, आणि सावलीत मला फक्त सावली दिसत होती.

इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पपा, सो फियर्स लाह!" सुलेखा हात झटकत उठली आणि घरी आल्यावर म्हणाली, "आपला रुचिर ह्यांच्या मागे जातो? आणि ऋचा कॅमेरा घेऊन त्याच्या बाजूला उभी राहणार? अहो, तुम्ही त्याला नीट सांगितलंत ना सगळं?"

मी म्हणालो, हो, सांगितलं.

शिकारीच्या रिव्हॉल्व्हरवर नेमासाठी काय बसवू असं तू विचारलंस, तेव्हा मी काय सांगितलं ते तुझ्याकडे लिहिलेलं आहेच. "रेड डॉटचे, त्या लाल ठिपक्याच्या काचेचे चोचले नकोत. आपण नेमबाजीच्या क्लबात वापरतो तीच नेम धरायची अरुंद काळी माशी नळीच्या टोकाला लाव, मागे बारीक खाच. मन लावून बघितलं की दिसते." तू लगेच उत्तर दिलंस, "दादा, तू म्हणालास म्हणजे विषय संपला." चार दिवसांत बसवून फोटोही पाठवलास.

ते चुकीचं होतं. मला माहीत असूनही मी ते लिहिलं. आपली माशी लख्ख दिव्याखाली, पांढऱ्या कागदासाठी असते. संध्याकाळी झाडाखाली काळ्या डुकरावर काळी माशी धरलीस तर ती तुला सापडणारच नाही, आणि तू तर लिहिलं होतंस की आता तुला उजेडातसुद्धा ती धूसर दिसते. मी ते दोनदा वाचलं आणि मगच उत्तर लिहिलं.

आता असं का केलं, ते ऐक.

मार्चमध्ये क्लबचे जुने सेक्रेटरी दिलीप साठे बेडोकला भेटले. निवृत्त झालेत, मुलाकडे राहायला जाणार आहेत, घर आवरताहेत. कॉफी पिता पिता म्हणाले, "निशिकांत, तुला हे सहा वर्षांपूर्वीच दाखवायला हवं होतं." आणि फोनवर एक मेल काढून दिला. कमिटीला लिहिलेला. "माझ्या भावाला पुढची माशी दिसत नाही, त्याने स्वतः मला सांगितलं आहे, मला त्याची आणि क्लबची काळजी वाटते." खाली तुझं नाव. त्याच्याही खाली एक ओळ होती, क्वालालंपूरच्या सामन्यासाठी माझ्या जागी तुझा विचार व्हावा म्हणून.

काळजीपर्यंत मी समजून घेतलं असतं. खरंच सांगतो. बंदुकीच्या बाबतीत कुणी कुणाची गय करू नये, हे तुला मीच शिकवलं. पण ती शेवटची ओळ?

टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी तुला सांगितलं होतं की डोळे गेले रे, हा एक सामना अंदाजाने खेळतो आणि मग आपणहून बाजूला होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. कमिटीने मला बोलावून सगळ्यांसमोर डोळ्यांचं सर्टिफिकेट मागितलं, त्याच संध्याकाळी तू आमच्या घरी आलास. सुलेखाच्या हातची दोन थालीपिठं खाल्लीस आणि मला विचारलंस, "कुणी सांगितलं असेल रे, दादा?" मी तीन जणांची नावं घेतली. त्यातल्या एकाशी मी सहा वर्षं बोललो नाही. तू मान डोलवत दही मागून घेतलंस.

वीस वर्षं मी त्या एका सामन्याच्या आशेवर रविवार घालवले होते. तू गेलास, आणि नववा आलास. नववा! निदान पदक तरी आणायचंस.

मला फार राग आहे तुझा. रोज सकाळी दात घासताना तो मेल आठवतो. म्हणूनच, तुझा प्रश्न आला तेव्हा मला बरं वाटलं. याचा नेम चुकू दे, मित्रांसमोर फजिती होऊ दे, एवढंच मनात होतं. जखमी डुक्कर उलटून येतं आणि बाजूला ऋचा असेल, इथपर्यंत मी विचार केला नाही. किंवा केला आणि बाजूला ठेवला. रविवारी सुलेखाला खाली पडलेलं पाहिलं तेव्हा कळलं की मी काय केलंय. तू माझा सामना घेतलास, पण मी जे केलं ते त्याहून वाईट आहे.

तर आता करायचं ते असं. ती माशी काढून टाक. रेड डॉट बसव. त्यात नजर एकाच ठिकाणी ठेवायची, डुकरावर. खाच, माशी आणि डुक्कर ह्या तिन्हींवर नजर नाचवायला आपली वयं राहिली नाहीत. ठिपक्याचा उजेड कमीत कमी ठेव, नाहीतर डुक्करच झाकलं जाईल. दोन्ही डोळे उघडे. त्या रिव्हॉल्व्हरचा झटका मोठा, स्क्रू सैल होतात, तेव्हा पक्के करून घे आणि पन्नास यार्डांवर नेम जुळवल्याशिवाय जाऊ नकोस. तेवढा वेळ नसेल तर शनिवारी जाऊच नकोस. आणि ऋचाला गाडीतच बसव.

आता तू म्हणशील, मागच्या वेळी खोटं सांगितलं, मग ह्या वेळी खरं कशावरून? बरोबर आहे. म्हणून एका पुठ्ठ्याला काळा रंग दे, दिवस मावळताना झाडाखाली उभा कर, रिव्हॉल्व्हर रिकामं करून हातात घे आणि स्वतःच्या डोळ्यांनी माशी शोध.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मीही आता तुझ्या शब्दावर जात नाही.

निशिकांत